दम लागतो तेव्हा ती नाटकं करत नसते

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, म्हणून आज वहिनीला घेऊन दिंडोरीला गेले होते. सहावा महिना, हिमोग्लोबिन ८.४. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, ७ च्या खाली गेलं की तीव्र.

रांगेत बायका बोलत होत्या. एकीला हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते. एकीची छाती धडधडते, रात्री झोप नाही. द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाणारी एक म्हणाली, "ताई, दुपारनंतर पाय उचलत नाहीत, पण खाडा केला तर मजुरी जाते." आणि घरी ऐकावं लागतं, "आम्हीपण पोरं काढली, एवढी नाटकं नव्हती!" मला या वाक्याचा फार राग येतो. रक्तच कमी असेल तर अंगाला प्राणवायू पुरणार कसा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना ॲनिमिया आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी असंच ओढत दिवस काढतात.

लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, पोट जड होतं, म्हणून बऱ्याच जणी ती गुपचूप सोडतात. वहिनीनेही सोडली होती, आज सांगितलं. नर्सबाई रागावल्या नाहीत. काळी होणं साधं आहे, गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घे म्हणाल्या.

पुढची तपासणी महिन्याने. तोवर पाणी दादा भरणार, हे दादाला आणि आईला आजच सांगून टाकलंय.