तुम्ही मुलींना नेमके काय सांगता?

समुपदेशन करताना तुम्ही मुलींना नेमके काय सांगता, हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, लग्नकार्यात विचारला जातो आणि बेळगाव-निपाणी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पहिल्या दोन-तीन भेटींत मी काहीच सांगत नाही.

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीतील, मराठी शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. शाळेची गोडीच राहिली नाही, असे घरचे सांगत होते आणि महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजकडचे एक स्थळही पाहून ठेवले होते. मी गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन आईसमोर विड्या वळत बसली होती. पानात तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि मान वर करायची नाही. मीही कात्री घेऊन पाने कातरायला बसले. तिसऱ्या भेटीत, दोरा बांधता बांधता, ती हळूच म्हणाली, "बाई, मला कन्नड वाचता येत नाही. वर्गात उभं केलं की सगळी हसतात."

मराठी माध्यमातल्या आपल्या मुलींचे हे दुखणे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण गैरहजेरीचा अर्थ लोक चटकन 'मुलगी हाताबाहेर चालली' असा लावतात आणि त्यावर लग्न हा उपाय काढतात. तिला उपदेशाची गरज नव्हती. गल्लीतली एक कॉलेजची मुलगी रोज संध्याकाळी अर्धा तास तिचे कन्नड घेऊ लागली आणि तिला सगळ्यांसमोर वाचायला उभे करू नये, अशी विनंती मी वर्गशिक्षकांना केली.

वडिलांशी मात्र मी स्पष्ट बोलले. कर्नाटकाने 2016 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न मुळातच रद्दबातल ठरते. सीमेपलीकडे नेऊन लावले तरी तो गुन्हाच असतो, आणि 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दोन्हीकडे चालतो. हे ऐकून ते रागावले, आणि तो राग मी समजू शकते, कारण वयात आलेली मुलगी घरात असताना बापाला लागणारा घोर खोटा नसतो. म्हणून मी दुसरीही गोष्ट सांगितली: आपल्याकडे दहावीची परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा देता येते, तेव्हा एक विषय राहिला म्हणून मुलीला वर्षभर घरी बसवण्याचे कारण उरलेले नाही. त्यांनी स्थळाकडच्यांना थांबायला सांगितले. पूर्ण नकार अजून दिलेला नाही.

ती आता दहावीत आहे. दर सोमवारी मी हजेरीपट पाहते. गेल्या आठवड्यात तिच्या नावापुढे सलग दोन दिवस गैरहजेरी दिसली, तेव्हा शाळा सुटण्याची वाट न पाहता मी तिच्या घरी गेले. तिला ताप आला होता.