नेत्रावतीने तिरुवनंतपुरमला : बिऱ्हाड हलवताना

तिरुवनंतपुरमला नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी विमानाने जा म्हणून सांगितलं. पण सकाळी एका घराला कुलूप लावायचं आणि दुपारी दुसऱ्याचं उघडायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. मध्ये थोडा वेळ हवा होता. म्हणून नेत्रावती एक्सप्रेस. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचवते.

आधी सामानाचं सांगते, खरी धास्ती त्याचीच असते. स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो मोफत, सेकंड एसीला ५०. त्यापुढचं तिकिटावर लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकता येतं. माझी पुस्तकं तशीच गेली. खोकी गोणपाटात शिवून घेतली आणि दोन्ही बाजूंना मार्करने ठळक नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहिलं. गाडीच्या दोन-अडीच तास आधी पार्सल ऑफिस गाठा. वजन, पैसे, पावती यात वेळ जातोच. स्कूटर पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी लागते आणि आरसीची प्रत जवळ हवी. पावती जिवापाड जपा, आणि पोचल्यावर सामान लगेच सोडवा. पडून राहिलं की दंड चढतो.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एकटे असाल तर साइड लोअर मागा. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असतो, पण दिवसभर पाठ टेकायला आणि खिडकी हक्काची असायला साइड लोअरसारखं सुख नाही.

रोह्यापासून कोकण रेल्वे लागते. २६ जानेवारी १९९८ रोजी देशाला अर्पण झालेला हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. समुद्र दिसेल या आशेवर बसू नका. दिसतात ते जांभ्याचे लालभडक कातळ, पाणी झिरपून हिरवे पडलेले, हात लांब केला तर लागतील इतके जवळ. (हात मात्र आतच ठेवा.) रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. फोनची रेंज गेली, डब्यातली बोलणी आपोआप थांबली, आणि निघाल्यापासून पहिल्यांदाच मला मनापासून रडू आलं. समोरच्या आजींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा ६४ मीटर उंच पूल येतो, तो उजेडात गाठला तर चुकवू नका.

गोवा, कारवार अंधारात गेलं. जाग आली तेव्हा फलाटांवरच्या पाट्या मल्याळममध्ये होत्या. कुट्टिप्पुरमपासून शोरनूरपर्यंत भारतप्पुळा नदी रुळांच्या सोबतीने चालते; त्या पट्ट्यात मी नव्या घराची यादी लिहायला घेतली. आदल्या दिवशी ती लिहिण्याचं बळ नव्हतं. एर्नाकुलमच्या पुढे गाडी किनाऱ्याकडून अलप्पुळामार्गे जाते, ताडामाडांतून.

डब्यात काही अडचण आली तर १३९ वर फोन करा. आणि पावसाळ्यात निघत असाल तर कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. गाड्यांचा वेग कमी ठेवतात, दरड आली तर उशीर होतो. रुजू व्हायच्या तारखेआधी निदान एक दिवस मोकळा ठेवा.