कडेचं काय करू?

"काकू, गोधडी तर झाली. आता कडेचं काय करू? दुमडून घेऊ, की गोठ लावू?" माझ्याकडे गोधड्या बघायला येणाऱ्या बायका हे हमखास विचारतात. (गोठ म्हणजे कडेवरून वळवून शिवलेली वेगळी पट्टी.) तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते. पण आधी माझा उलटा प्रश्न: ही गोधडी वापरणार कोण, आणि धुणार कोण?

गोधडी मधे फाटायच्या आधी कडेला विरते. पांघरताना हात कडेलाच जातो, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरली की फरशीला कडच घासते, आणि धुतल्यावर दोघींनी दोन टोकं धरून पिळली की सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण एकदम निघतं. त्या घाईत गोधडी तुडवली जाते, आपटली जाते, कठड्यावर टाकली जाते. भिंतीवर लावायची गोधडी असेल तर कशीही कड करा, चालतंय की. रोजच्या वापराची असेल तर मात्र बसून विचार करा.

आमच्या आईच्या पद्धतीत हा प्रश्न शेवटी यायचाच नाही. खाली लुगडं पसरायचं, त्यावर जुन्या कापडाचे थर, वर पुन्हा लुगडं. खालच्या-वरच्या कडा आत दुमडून चारी बाजूंनी पहिला धावदोरा घालायचा, मग त्याच्या आत दुसरा, तिसरा, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. म्हणजे कड सगळ्यात आधी पक्की. आता आपण मशीनवर तुकडे जोडून वरचा भाग तयार करतो, मग थर लावतो, टाके घालतो आणि कड राहते शेवटी. त्यातही काही बिघडत नाही. फक्त टाके घालायच्या आधी कडा छाटू नका. धावदोऱ्याने कापड आत ओढलं जातं, आणि चारी बाजू सारख्या ओढल्या जात नाहीत. सगळे टाके झाले की गोधडी फरशीवर पसरा, फरशीच्या रेषेला लावून सरळ खूण करा आणि मगच कात्री चालवा.

आत नुसत्या मऊ साड्या असतील तर मी दुमडूनच घेते. आतले थर बोटभर आत कापायचे, खालचं-वरचं कापड एकमेकांकडे वळवायचं आणि कडेलगत धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या. एकच ओळ घातली तर धुताना कडेचं तोंड उघडतं. शिवाय ही कड पुढेमागे विरली तर तिच्यावरून गोठ लावता येतो. म्हणून गोंधळ असेल तर आधी दुमडा.

पण आमच्या गावात गोधडीत जुनी चादर जातेच. घराघरात पडलेली असते, ऊबही चांगली देते. तिच्या लांब बाजूंना मागावरच किनार विणलेली असते, आणि जिथे कापलेली असते तिथे दुमडून शिलाई मारलेली. ती शिलाई तशीच गोधडीच्या कडेत आली तर सुई मोडते, हाताने तर टोचतच नाही. तेवढी कापून टाका. चादरीची गोधडी दुमडायच्या भानगडीत पडू नका, कड दोरखंडासारखी फुगते. तिला गोठच हवा, आणि तोही रुंद.

आता हिशेब. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला चारी बाजू मिळून ३०० इंच, वर कोपरे आणि जोडासाठी १२ इंच धरा. ४४ इंच पन्ह्याच्या सुती कापडातून ३ इंच रुंदीच्या ८ पट्ट्या निघाल्या की पुरे. म्हणजे २४ इंच कापड लागतं, पण पाऊण मीटर घ्या. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडा, नाहीतर सगळी जाडी एकाच जागी येते. मग पट्टी लांबीत मधोमध दुमडून दुहेरी करा. उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून पुढून शिवा आणि दुमडीची बाजू मागे वळवून हाताने टिपा. शिवताना पट्टी ओढू नका, कडेला चुण्या पडतात. सैलही सोडू नका, कड लाटा मारते. आणि नवं कापड, त्यातून लाल असेल तर, आधी भिजवून रंग जातो का ते बघाच.

पट्टी उरेबी, म्हणजे कापडावर तिरपी, कापावी का, हेही विचारतात. वळणदार कडेला उरेबीच लागते. सरळ कडेला गरज नसते, पण टिकते ती जास्त. विणकरांच्या गावात हे समजावायला सोपं जातं: सरळ पट्टीत दुमडीवर तेच ते चार धागे लांबवर धावतात, ते झिजले की कड लांबच लांब उसवते. उरेबीत ताणा-बाणा दोन्ही दुमडीला तिरपे जातात, त्यामुळे झीज वाटली जाते. कापड मात्र जास्त खाते, आणि कापायला नवशिक्या हाताला त्रास देते.

मला स्वतःला साडीचाच काठ आवडतो. तो अंगापेक्षा दाट विणलेला असतो. सहावारीचा कमरेला खोचलेला वरचा काठ बघा, खालचा घोट्याशी घासून विटला तरी हा नव्यासारखा असतो. तो तीन बोटं कापडासकट कापून घ्या. इरकलीच्या रेशमी काठाला मात्र मी गोधडीच्या कडेवर घेत नाही. सुती अंग आटतं, काठ तेवढा आटत नाही.

दुकानात मिळणारी तयार चकचकीत पट्टी घेऊ का, असं बाळाच्या दुपट्यासाठी परवाच कुणी विचारलं. ती पॉलिएस्टरची असते. पहिल्या धुण्यानंतर तिचंही तेच, सुती कापड आटतं आणि ती तशीच राहून मुरडते. शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात गळ्याशी पॉलिएस्टर मोठ्यांनाही नको होतं.