तिथीने आखलेला शनिवार-रविवार

कोल्हापूरहून निघताना माझे वेळापत्रक तयार होते : शनिवारी मामांकडे विश्रांती, रविवारी सकाळी थिबा राजवाड्यातील संग्रहालय आणि दुपारी चार वाजता भाट्याचा समुद्र. आंबा घाट उतरून रत्नागिरीत पोहोचलो, जेवायला बसलो आणि मामांनी ते एका वाक्यात मोडीत काढले. "अगं, रविवारी पंचमी आहे. चार वाजता भाट्याला जाऊन मुलं खेळणार कुठे?"

किनारपट्टीवरचा हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच सुरू होते. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे आम्ही पोहोचू तेव्हा समुद्र पुरता भरलेला. त्यापूर्वी सहा-सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, हेही मामांनी बजावले. सासूबाईंना लहानपणी पाठ केलेली पाऊणकी अजून येत होती, त्यामुळे त्यांना हिशोब माझ्याआधी पटला. सोमवारी संग्रहालय बंद असल्याने ते पुढे ढकलण्याची सोय नव्हती. शेवटी राजवाडा शनिवारी दुपारीच उरकायचे ठरले.

'उरकायचे' हा माझा शब्द चुकीचा ठरला. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत करून हद्दपार केले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले, एवढे मी मुलांना गाडीत सांगितले होते. हा राजवाडा मात्र 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा वारला, हे कळल्यावर दहा वर्षांच्या मुलीने बोटे मोजली. "म्हणजे चोवीस वर्षं वाट पाहिली आणि सहाच वर्षं राहिला?" त्यानंतर ती दालनांतील मूर्तींपेक्षा खिडक्यांपाशीच अधिक रमली; राजा कोणत्या खिडकीतून समुद्र पाहत असेल, हे तिला ठरवायचे होते. बहादूरशहा जफरला इंग्रजांनी याच्या उलट, दिल्लीहून रंगूनला पाठवले होते, ही माझी पुरवणी तिने ऐकून घेतली, पण खिडकी सोडली नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही जिने टाळले. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आणि धाकट्याचा कंटाळा त्यांनीच सांभाळला. मोठ्या माणसाला सोबत नेताना बसायची जागा आधी पाहून ठेवावी, हे मला तेथे सुचले, घरी सुचायला हवे होते.

साडेपाचला थिबा पॉइंटवरून खाली खाडी आणि पलीकडे भाट्याचा किनारा दिसला. चतुर्थीची भरती तीनची; पाणी निम्मेच उतरले होते आणि वाळूची पट्टी अरुंद होती. मामांनी काही न बोलता तिकडे हात केला.

रविवारी साडेआठला पूल ओलांडून आम्ही भाट्याला गेलो. पाणी दूर गेलेले, वाळू घट्ट आणि ओली. सुरूच्या सावलीत सासूबाईंसाठी सतरंजी अंथरली. मुलांनी मोठा किल्ला बांधायचे ठरवले होते, पण पाय टाकताच दोघेही उकिडवे बसले, कारण इवल्याशा खेकड्यांनी बिळाभोवती मोहरीपासून वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. खेकडा वाळूतले खाद्य निवडून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतो. सावली पडली की तो बिळात जातो, म्हणून दोघे श्वास रोखून बसले. धाकटा एवढा वेळ गप्प बसलेला मी क्वचितच पाहिला आहे.

अकराच्या सुमारास पाणी परतू लागले. भरती चढताना मुलांना पाण्यात ठेवायचे नाही, हा मामांचा नियम पाळून आम्ही सामान आवरले. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी नातवाला विचारले, "दशमीला भरती किती वाजता?" त्याने बराच वेळ हवेत आकडे लिहिले आणि म्हणाला, "साडेसात. म्हणजे दुपारी दीडला खेकडे."