पीळ राहीना

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ रात्रभरसुद्धा राहत नव्हता, आणि त्यापायी आषाढातले पंधरा दिवस गेले ते गेलेच.

मी इंदूरला, रामबागेतल्या घरी चामड्याच्या पर्स शिवते. मावसबहिणीने सहा पर्स सांगितल्या. खाली झालर हवी, आणि तीही साधी नको, एकेक पट्टी पिळलेली हवी. कापायचं काम मला येत होतंच. वर दोन बोटं जागा सोडायची, प्रत्येक चीर जिथे थांबणार तिथे आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे ती वर फाटत जात नाही, मग पोलादी पट्टी धरून चार-चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या. तीनच्या खाली गेलं की पिळताना तुटतात. मी गेले होते.

पंधरा दिवस अडले ते चामड्यापाशी. ज्या शहराच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथे हवं ते चामडं मिळेल असं मी धरून चालले होते. दुकानात स्पष्ट सांगितलं, वेज टॅन पाहिजे. म्हणजे झाडाची साल, हिरडा अशांनी कमावलेलं. दुकानदाराने एक गुंडाळी उलगडली आणि म्हणाला, "दीदी, वोई माल है. बिल्कुल वोई." वर हातात देऊन, "देखो, कितना मुलायम!" तो मऊपणाच खरं उत्तर होतं, पण मी मान डोलावली आणि चार फूट घेऊन आले.

पट्ट्या ओल्या केल्या, पिळल्या, टोकांना चिमटे लावून पंख्याखाली ठेवल्या. सकाळी चिमटे काढले आणि सगळ्या पट्ट्या आळसावल्यासारख्या सैल होऊन सरळ झाल्या. दुसऱ्या दिवशी जास्त भिजवल्या. तिसऱ्या दिवशी इतक्या आवळल्या की दोन तुटल्या. मग हेअर ड्रायर, मग पाण्यात कालवलेला पांढरा गोंद. गोंदाने पीळ राहिला खरा, पण झालर कडक झाली, वर दुधाळ चकाकी आली. ती पर्स कुणाला दाखवायचीही लाज वाटली.

पुन्हा दुकानात गेले, भर पावसात. दुकानदार म्हणाला, मालक बाहेरगावी गेलेत, सोमवारी या. सोमवारी मालक म्हणाले, माल बरोबर आहे, "आपके हाथ में प्रैक्टिस नहीं होगी." मी ते मुकाट ऐकून घेतलं, याचा राग मला आजही येतो.

ओसरीवर सासूबाईंचं लक्षवातींचं काम चालू होतं. चातुर्मासात एक लाख वाती वळायच्या म्हणजे दिवसभर हात तोच. माझी धडपड बघून त्या म्हणाल्या, "जोर कमी पडतोय गं तुझा." आणि एक पट्टी घेऊन मांडीवर सर्रकन पीळ देऊन दाखवला. सकाळी त्यांचीही पट्टी उलगडलेली! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली. "हाताचा दोष नाही हा. कापूसच वाईट आहे तुझा."

मग मी चामड्याची कड रापीने ताजी कापून पाहिली. मध्यभागी निळसर-राखाडी रेघ. म्हणजे क्रोम, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं! हे मी पहिल्या दिवशी दुकानातच बघायला हवं होतं. खात्री म्हणून एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. साल-हिरड्याचं चामडं त्यात आक्रसून वेडंवाकडं होतं, हा तुकडा मजेत तरंगत राहिला. क्रोमची कमावणी झटपट होते, चामडं मऊ आणि पाण्याला दाद न देणारं बनतं, म्हणूनच ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. साल-हिरड्याचं ओलं असताना वळवावं तसं वळतं आणि वाळलं की तसंच राहतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं या जातीचं.

शेवटी कानपूरहून मागवलं. तिथे घोड्यांच्या जिना-लगामांचं काम चालतं, त्यामुळे असं चामडं मिळतं. पार्सलला नऊ दिवस लागले. एक मिलिमीटर जाडीचं घेतलं. स्पंजने ओलं केलं, चिंब नाही. रंग परत फिकट व्हायला लागला की पिळायचं, सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने. पहिल्याच सकाळी पीळ जागच्या जागी. मी सासूबाईंना उठवून दाखवलं, त्या वेळी साडेपाच वाजले होते.

रंग मात्र पिळायच्या आधीच द्या, आणि मागच्या बाजूलाही. पिळल्यावर मागची बाजू वर येते, आणि नंतर रंग दिला तर खाचांत पांढरट रेघा राहतात. लांबीही थोडी जास्त कापा, पिळून आखडते. माझ्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्ट्या तेराच्या आसपास आल्या. आणि लोखंडी चिमटे? नको! क्रोमवर काही झालं नव्हतं, या चामड्यावर चिमट्याखाली काळेनिळे डाग पडले. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळून काळी शाई होते ना, तसंच हे, चामड्यातला हिरड्याचा अंश आणि लोखंड. लिंबाच्या रसाने डाग फिकट झाले, पुरते गेले नाहीत. आता कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे वापरते. उन्हात किंवा गरम हवेत वाळवू नका, ओलं चामडं तापलं की कडक होऊन तडकतं.

राहिलेलं क्रोम टाकवेना. सासूबाई म्हणाल्या, पदराच्या गोंड्यांना देतात तसा दुहेरी पीळ दे. शेजारच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या उजवीकडे पिळायच्या, मग दोन्ही मिळून डावीकडे, टोकाला गाठ. एकीचा उलगडायचा जोर दुसरीला आवळतो, त्यामुळे चामडं कसलंही असो, पीळ राहतो. त्यातून एक जास्तीची पर्स झाली.

तीच खांद्याला लावून कड्या आणायला त्या दुकानात गेले. दुकानदाराने झालर बोटात धरून पाहिली आणि खुश होऊन म्हणाला, "देखा दीदी? मैंने बोला था न, वोई माल है." मी कड्यांचे पैसे दिले आणि बाहेर पडले.