‘जवारीचे किती?’

2024 च्या जुलैतली गोष्ट. मिरजेत सकाळपासून पावसाची रिपरिप चालली होती आणि मी सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात वही घेऊन बसले होते. डोक्यावर सुकलेले भोपळे टांगलेले, समोर दुकानातले कारागीर चाचा कानशीने तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत होते. आवाज खुलावा म्हणून घोडी अशी घासतात, त्यालाच जवारी काढणं म्हणतात. ह्याच गल्लीवरचा माझा लेख एका दिवाळी अंकाकडे गेला होता, त्याला महिना झाला होता. काही तपशील पक्के करायचे राहिले होते, म्हणून पुन्हा आले होते.

लेख त्याच अंकाकडे का पाठवला, ते जरा सविस्तर सांगते. नवीन लिहिणारी मुलं मला हेच विचारतात. आधीची चार वर्षं मी दिसेल त्या पत्त्यावर लेख पाठवत होते. काही ‘साभार परत’ आले, बऱ्याच लेखांची साधी पोचही आली नाही. जे छापून आले त्यांचा अंक टपालाने घरी यायचा, बाकी काही नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये मी वाचनालयात बसले आणि मागच्या तीन वर्षांचे दिवाळी अंक काढून नुसत्या अनुक्रमणिका वाचल्या. काही अंकांत दरवर्षी तीच नावं. एका अंकात मात्र दरवर्षी एखाद्या गावावर किंवा धंद्यावर एक लेख होता आणि त्याचा लेखक प्रत्येक वेळी वेगळा होता. अनोळखी माणसाला दार उघडं असतं ते अशा ठिकाणी. रविवारच्या पुरवण्यांचंही तसंच केलं. कुठल्या पानावर काय येतं ते पाहिलं, एका लेखाचे शब्द चक्क मोजले. आठशे शब्दांच्या जागेसाठी दोन हजार शब्द पाठवले तर ते वाचायला डेस्कवर कुणाला वेळ नसतो. शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’ अशी ओळ असते. ती 1867 च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. संपादकांचं नाव आणि पत्ता तिथे मिळतो, आणि ‘मा. संपादक’ एवढ्यावर न भागवता नावानिशी पत्र लिहिता येतं.

वेळेचंही भान हवं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ह्या अंकांचं सगळं गणित एका सणाला बांधलेलं आहे. विषय मे-जूनमध्ये ठरतात. गणपतीत लेख पाठवला तर पानं बहुतेक लागलेली असतात.

विषय मात्र माझ्या उंबऱ्याशीच होता. त्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी सगळीकडे आली. पण भोपळे पंढरपूरच्या बाजूने कसे येतात, हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे कशी वळली, हे पुण्या-मुंबईत बसून लिहिता येत नाही. त्यासाठी गल्लीत येऊन भुशात बसावं लागतं. पावसावरचा ललित लेख संपादकांना हवा तेवढा मिळतो. मीही आधी तोच पाठवत होते.

तर त्या सकाळी पुण्याहून गाणं शिकवणारे एक गृहस्थ गोधडीत गुंडाळलेला तंबोरा घेऊन दुकानात आले.

‘आवाज पार बसलाय. जवारीचे किती?’

चाचांनी मान वर न करता आकडा सांगितला. ‘तारा लावून ऐका, मग द्या.’ गृहस्थांनी घासाघीस केली नाही. चाचांच्या आवाजात ना संकोच होता ना तोरा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. संपादक होते. ‘ताई, लेख घेतोय आम्ही. फोटोही पाठवून द्या.’

‘धन्यवाद सर’ अगदी ओठांवर आलं होतं. चार वर्षं मी तेवढंच म्हणत आले होते. मी बाहेर पत्र्याखाली आले आणि विचारलं, ‘सर, मानधन किती द्याल?’

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, ‘नव्या लेखकांना आम्ही अंक देतो. दोन प्रती पाठवू.’

मी सांगितलं, तीन खेपा झाल्या, बावीसशे शब्द आहेत, नऊ दिवस गेलेत. तीन हजारांची अपेक्षा आहे. ते म्हणाले, अंक जाहिरातींवर चालतो आणि यंदा जाहिराती नाहीत. ते खरं बोलत होते असं मला आजही वाटतं. कर्ज काढून अंक काढणारी माणसं मी पाहिली आहेत. पण छपाईचे, कागदाचे, मुखपृष्ठाचे, डीटीपीचे पैसे द्यावेच लागतात. फक्त मजकुराचे का राहावेत? हे बोलताना माझा आवाज कापत होता. ‘बघून कळवतो,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत येऊन बसले, पण लिहिण्यात लक्ष लागेना. लेख गेला, असंच मी धरून चालले होते. दुपारी त्या तंबोऱ्याला तारा चढल्या, चाचांनी तारांखाली सूत सरकवत सरकवत एक जागा पकडली आणि सगळं दुकान भरून गेलं. गृहस्थांनी डोळे मिटले. मग मोजून पैसे दिले.

संध्याकाळी सातला पुन्हा फोन आला. ‘दोन हजार देतो, फोटोंसकट.’ मी हो म्हटलं आणि रात्रीच ईमेल केला: मानधन दोन हजार, प्रसिद्धी एकदाच, पुस्तकात किंवा इतरत्र घ्यायचा असल्यास आधी विचारावं. ह्या शेवटच्या अटीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझा एक लेख मला न विचारता एका संग्रहात आला होता आणि ते मला नात्यातल्या एका बाईंकडून कळलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार आणि सही लागते. मी सही कशावरच केली नव्हती. पण लेख कशासाठी दिला होता, हे दाखवणारा चिटोराही माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून फोनवर ठरलेलं सगळं मी त्याच दिवशी लिहून पाठवते. संपादकांचं उत्तर आलं, एका शब्दाचं: ‘मान्य.’ तो ईमेल मी जपून ठेवला आहे.

पैसे जानेवारीत आले. पॅन आणि खाते क्रमांक घालून बिल पाठवलं होतं, वर दोनदा आठवणही करावी लागली.

अंक घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून आपल्या हातांचा फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, ‘तुम्हाला ह्याचे किती मिळाले?’

‘दोन हजार.’

‘फोटो धरून?’

‘हो.’

त्यांनी अंक मिटून कपाळाला लावला आणि नीट फळीवर ठेवला. ‘पुढच्या वेळी फोटोचे वेगळे सांगा, ताई,’ म्हणाले, आणि कानस हातात घेतली.