खुर्दा

शनिवार, रात्री

नेव्हीनगरच्या बसमध्ये कंडक्टर 'अफगाण चर्च' ओरडतो तेव्हा दोन-चार माणसं उतरतात. इतकी वर्षं त्या बसने जातोय, पण मी कधी उतरलो नव्हतो. आज उतरलो.

कुलाब्यात अफगाण काय करत होते, हा माझा लहानपणचा प्रश्न. अफगाण इथे आलेच नव्हते, इथले लोक तिकडे गेले होते. १८३८ ते १८४३, इंग्रजांच्या अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमा. त्यात मेलेल्यांसाठी हे सेंट जॉनचं चर्च १८५८ मध्ये उभं राहिलं. शिखर म्हणाल तर जवळजवळ दोनशे फूट.

बाहेर घामाची चिकचिक, आत गार. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली. मोठा वेळ गेला तो मात्र स्मारकाच्या एका वाक्यापाशी. त्याचा मथितार्थ असा: अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत, खालच्या हुद्द्याचे आणि साधे शिपाई इतके, की त्यांची लिहिणं शक्य नाही. आजाराने किंवा तलवारीने पडले, असंही त्यात आहे. आजार आधी, तलवार नंतर. तेवढा प्रामाणिकपणा आवडला.

देशी शिपाई त्या 'इतके'मध्ये धरलेत का, ते वाक्यावरून कळेना. मुंबईच्या फौजेत कोकणातली पोरं कितीतरी. बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत १८४० चा अख्खा उन्हाळा वेढ्यात काढला तो मुंबईच्या ५व्या पलटणीने. तीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत 'काली पांचवी' म्हणून राहिली.

आणि बाजारबुणगे? ६ जानेवारी १८४२ ला इंग्रजांच्या फौजेने काबूल सोडलं तेव्हा सैनिक साडेचार हजारांच्या आसपास आणि बुणगे बारा हजार. भिश्ती, मोतद्दार, आचारी, त्यांच्या बायका-पोरं. खिंडीतल्या बर्फात आठवड्याभरात सगळा तांडा संपला. त्या वाक्यात त्यांना 'इतके' म्हणूनसुद्धा जागा नाही.

इंग्रजांवर चिडायला लागलो आणि पानिपतचा निरोप आठवला. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत हे पाठ म्हणताना अंगावर काटा यायचा तो मोत्यांसाठी. खुर्दा म्हणजे माणसं, हे आम्हाला बाईंनी सांगितलं होतं, तरीही.

पाऊण तास झाला असेल. झाडूवाल्याने बाकांखालून झाडत झाडत माझ्यापर्यंत येऊन पाय उचलायला सांगितले.